पाचशेची रेघ

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा फौजदारबाई पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसल्या होत्या. चौकीतच. थंडीच तशी होती. त्या दिवसांत बोललेला शब्द ओठांबाहेर आला की गोठून टेबलावर टकदिशी पडायचा, आणि हवालदार तो उचलून कचऱ्यात टाकायचा.

"एक म्हातारा गेलाय," डॉक्टर म्हणाले. "कागदावर सही करायचीय आणि मला करवत नाहीये."

"का? पेन गोठलं?"

"सकाळी तपासला तेव्हा ठणठणीत नसला तरी बरा होता. चार वाजता बोलावलं, तर मेलेला. ओठ जांभळासारखे. नाकात प्राणवायूची नळी, शेजारी प्राणवायूचं मशीन घरघर चालू. बाई, मशीन चालू असताना माणूस असा निळा पडत नाही."

बाईंनी पाय पुसले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारात शेजारपाजार जमलेला. मेलेल्यासाठी कोणी रडत नव्हतं, सगळे मुलाकडे बोट दाखवत होते. "त्यानेच मारला बापाला!" एक जण म्हणाला. "विजेसाठी मारला!"

आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. घरातली माणसं दोन-दोन स्वेटर घालून, वर घोंगड्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाटीएवढी एक काचेची चौकट, तिच्यावर चमकणारा आकडा. बाई बघत होत्या तेवढ्यात १५२चा १४८ झाला.

"ही काय घड्याळाची नवी तऱ्हा?"

"घरात या क्षणाला किती वीज जाते ते दाखवते," मुलगा पुढे येऊन म्हणाला. चाळिशीचा, टापटीप, कानटोपी कपाळापर्यंत. गल्लीत त्याला मीटरराव म्हणत. "एकेका वॅटचा हिशोब. माझ्या फोनवरही दिसतं. ऑफिसात बसून मी सांगू शकतो घरात कोणी कुठलं बटण दाबलं."

बाप आतल्या खोलीत मरून पडलाय आणि गडी आकड्याचं कौतुक सांगतोय. बाईंनी हवालदाराकडे बघितलं. हवालदार खांबासारखा उंच आणि मनाने घाईचा. त्याने हातातल्या बेडीकडे बघितलं.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. मोत्यासारखं अक्षर. घरातली प्रत्येक वस्तू आणि ती किती वीज खाते ते. फ्रिज १२०. पंखा ५०. न्हाणीघरातला दिवा १०. हीटर, एक कांडी, ३५०, पुढे लाल अक्षरात 'बंदी'. आणि त्याच्याखाली: बाबा ३४०.

"बाबा?"

"म्हणजे बाबांचं मशीन," मीटरराव म्हणाला.

"लिहिलंय तर बाबा."

"जागा कमी होती."

तक्त्याखाली घराचा कायदा लिहिला होता. पाचशेच्या वर आकडा गेला की चौकट ओरडणार, मीटररावाच्या फोनवर निरोप जाणार. म्हणून, एक लावायचं तर एक बंद करायचं. सूनबाईंना इस्त्री करायची तर आधी फ्रिज बंद, आणि त्यातही बाबांचं मशीन असल्यामुळे इस्त्री कधी व्हायचीच नाही. सगळं घर चुरगळलेलं.

थोरल्यांच्या, म्हणजे बाबांच्या, खोलीत दिवा नव्हता. खिडकीतून येईल तेवढा उजेड. थोरले पलंगावर, उशीवरून मान कलंडलेली, उजवा हात पलंगाबाहेर लोंबलेला. बोटं वाकलेली, काहीतरी शोधत असताना थांबल्यासारखी. मशीन आता बंद होतं. डॉक्टरांनी चार वाजून दहा मिनिटांनी बंद केलं होतं.

मशीनच्या मागे एक छोटी खिडकी होती, मशीन आजवर एकूण किती वेळ चाललं ते दाखवणारी. ४२१३ तास १० मिनिटं.

"हे कोणी लिहून ठेवतं?"

"मी," दिवसाची आया पुढे आली. गुटगुटीत बाई, डोळे सुजलेले. घरात रडलेलं माणूस तेवढं एकच. "ठरावीक तास झाले की जाळी बदलायची असते. येता-जाता लिहिते." तिने वही काढली. आज दुपारी एक वाजता, घरी जेवायला जाताना, ४२१२ तास १० मिनिटं.

बाईंनी दोन्ही आकडे बघितले. पुन्हा बघितले.

"एकपासून चार दहापर्यंत किती वेळ?"

"तीन तास दहा मिनिटं," मीटरराव क्षणात म्हणाला.

"आणि मशीन चाललं एक तास. दोन तास दहा मिनिटं हे मशीन बंद होतं, मीटरराव. तुमचा बाप तेवढा वेळ वाऱ्यावर होता."

दारातला शेजार हुंकारला.

"शक्यच नाही!" मीटररावाने फोन पुढे केला. "हा बघा आजचा आलेख. एक ते चार. पूर्ण वेळ भार आहे. मशीन बंद असतं तर साडेतीनशे वॅट खाल्ले कोणी?"

पंचाईत इथेच होती. मशीन म्हणत होतं मी बंद होतं. मीटर म्हणत होतं ते चालू होतं. दोन्ही यंत्रं, खोटं बोलायला दोघांनाही जीभ नाही.

"मॅडम," हवालदार कानाशी वाकला, "आलेख ह्याच्या फोनातला. ह्यानेच रंगवला असणार. घालू बेडी?"

"तू आधी जिन्यातली गर्दी हटव."

बाई मीटररावाला घेऊन स्वयंपाकघरात बसल्या.

"दुपारी कुठे होता?"

"एक वाजता जेवायला आलो. दीडला गेलो. पावणेदोनला टेबलावर होतो, दहा जणांनी बघितलंय."

"बापाला भेटलात?"

"दारातून. मशीन चालू आहे ना, ते बघितलं."

"बाप चालू आहे का ते?"

त्याने भिंतीवरच्या आकड्याकडे बघितलं.

"आया म्हणते, तुम्ही रोज विचारायचात, बाबा, तासभर बंद ठेवून बघू या का?"

"चेष्टेत!"

"ते हसायचे?"

"त्यांना हसलं की धाप लागायची."

बाईंनी आलेख बोटाने सरकवला. "मला हे वाचता येत नाही. शिकवा."

आणि काय सांगावं, तो खुलला! वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखा. "हे बघा, ही उडी म्हणजे फ्रिज. मोटर असलेली वस्तू सुरू होताना दचकते. आकडा टुणकन उडतो आणि मग खाली बसतो. इस्त्री, शेगडी असल्या तापणाऱ्या वस्तू दचकत नाहीत, पायरी चढल्यासारख्या सरळ चढतात. आणि बाबांचं मशीन तर चालतानाही थरथरतं. तीनशे पस्तीस, पंचेचाळीस, पस्तीस. सारखं. मला डोळे मिटून ओळखता येतं."

"आज दुपारी काही वेगळं?"

"पावणेदोनला मिनिटभर आकडा थेट दीडशेवर आला. वा! इतका कमी आकडा भरदुपारी कधी दिसला नव्हता. मी फोटो काढून ठेवला."

"आणि मग?"

"मग चढला. आणि दहा वॅट जास्तच. नेमका पाचशेवर! अगदी काठावर. मी लगेच घरी फोन केला, की दहा वॅट कोण उधळतंय."

"कोणी उचलला?"

"बायकोने. न्हाणीघरातला दिवा राहिला होता म्हणाली. घालवला तिने."

बाईंनी त्याचा फोन आपल्याकडेच ठेवून घेतला. मग म्हणाल्या, "जा. बायकोला पाठवा."

सूनबाई आल्या. हाडकुळ्या, बोटांना सुयांचे टोचे. पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. मशीनला मोटर होती, पण मीटररावाने ती काढून ठेवलेली, म्हणून पायाने चालवायच्या.

"दुपारभर शिवत होतात?"

"दीड ते चार. पाय थांबवले की गोठतात."

"सासऱ्यांचं मशीन ऐकू येत होतं?"

"माझं खडखडत असलं की मला माझा विचारही ऐकू येत नाही. तेच बरं असतं."

"कोणी आलं-गेलं?"

"कोणी नाही. दाराला कडी होती. आत मी, सासरे आणि आत्या. ह्यांच्या आत्या. सासऱ्यांची धाकटी बहीण."

"काही वेगळं? आवाज, वास?"

सूनबाईंनी विचार केला. "वास आला होता. धूळ जळल्यासारखा. ह्यांचा फोन आला त्याच सुमारास. मला वाटलं खालच्यांकडे काहीतरी करपलं. आणि थोड्या वेळाने बाबांची घंटा वाजली. मी उठणार तोच आत्या म्हणाल्या, बस गं तू, पाणी हवं असेल, मी बघते. परत एकदा वाजली. मग नाही वाजली."

"तुम्हाला काय वाटलं?"

"खरं सांगू? वाटलं, सुटले एकदाची. शिवण पूर्ण होईल." तिने डोळे खाली घातले नाहीत. "मी चांगली बाई नाही, मॅडम. पण मी बटणाला हात लावला नाही."

आयाला पुन्हा बोलावलं.

"घंटा कुठे असते?"

"त्यांच्या उजव्या हाताखाली. मी स्वतः ठेवते. त्यांना ओरडता यायचं नाही ना, दम पुरायचा नाही."

"आज चारला आलात तेव्हा?"

"खिडकीच्या कट्ट्यावर होती." आयाचा आवाज चिरकला. "पलंगापासून चार पावलांवर. आणि आत्या म्हणाल्या, झोपलाय तो, उठवू नकोस."

आता राहिल्या आत्या.

आत्यांची खोली सगळ्यात आत, कोंदट, एक खिडकी, तीही उत्तरेला. आत्या खुर्चीत, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, चेहरा कसा, दुधावरची साय. आल्या-गेल्याला मिठी मारावीशी वाटेल अशी म्हातारी. सांधे आखडलेले, बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी. घोंगडी मांडीवर घडी करून ठेवलेली.

"ये गं पोरी, बस. माझ्या भावाला बघितलंस? सोन्यासारखा माणूस."

"दुपारी काय करत होतात, आत्या?"

"माझं काय या वयात? डोळा लागला. चारला आया आली तेव्हा उठले."

"भावाची घंटा ऐकली?"

"मला कानाने कमी ऐकू येतं."

"सूनबाई म्हणतात, तुम्ही उठलात."

"हो का? असेन उठले. पाणी दिलं असेल. विसरते मी."

बाई खोलीभर फिरल्या. कोनाड्यात खोबरेलाची बाटली होती. बाईंनी ती उचलून तिरकी केली, परत ठेवली. मग बाहेर आल्या आणि सूनबाईंच्या फणीपेटीतली बाटली तिरकी केली. न्हाणीघरातली केली. हवालदार बघतच राहिला. मॅडमला ऐन तपासात वेणी घालायची हुक्की आली की काय!

"अडगळीची खोली कुठाय?" बाईंनी विचारलं.

ती आत्यांच्या खोलीला लागूनच होती. आत सगळ्यावर बोटभर धूळ. जुना पंखा, मोडकी खुर्ची, शिवणमशीनची मोटर. तळाशी, हाताला येईल असं, कापडात बांधलेलं एक बोचकं. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. बाईंनी कापड सोडलं, आतली जाळी चाचपली आणि गाठ परत बांधली.

मग त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. आत्यांना हवालदाराने खुर्चीसकट उचलून आणलं. दाराबाहेर शेजार पुन्हा मुंगळ्यांसारखा चिकटला होता.

"सगळ्या गल्लीला वाटतं, बापाला मुलाने मारलं," बाई म्हणाल्या. "मलाही आवडलं असतं. खुनी म्हणून इतका शोभणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तसं तोंडही त्याला आहे."

मीटररावाने कानटोपी आणखी खाली ओढली.

"पण बघा. मशीन कोणीतरी दोन तास दहा मिनिटं बंद ठेवलं, आणि त्याच वेळात दुसरं काहीतरी चालू ठेवलं, जवळपास तेवढीच वीज खाणारं. मीटररावाने बाप बंद केला असता तर आकडा खाली आला म्हणून पेढे वाटले असते. भार भरून कशाला काढेल? आणि स्वतःच लपवाछपवी करून दहा वॅटसाठी घरी फोन कोण करेल? म्हणजे ही लबाडी त्याने केलेली नाही. ती त्याच्यापासून लपवण्यासाठी केलीय. आकडा तसाच दिसावा म्हणून."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"आता तुम्हीच शिकवलंत तसं वाचते. पावणेदोन. आकडा दीडशेवर पडतो. तुम्ही वा म्हणालात. तेव्हा मशीन बंद झालं. मिनिटाने आकडा चढतो. दचकून? नाही. पायरी चढल्यासारखा सरळ. आणि नंतर थरथर कुठाय? फ्रिजचं वरखाली सोडलं तर रेघ पट्टीने आखल्यासारखी. ती तापणारी वस्तू आहे, मोटर नाही. तक्त्यावर बघा, बाबांपेक्षा बरोबर दहा वॅट जास्त कोण खातं?"

सगळ्यांच्या माना फ्रिजकडे वळल्या.

"हीटर," सूनबाई हळूच म्हणाल्या. "एक कांडी."

"बंदी घातलेला, धूळ खात पडलेला. म्हणून लावल्याबरोबर धूळ जळाल्याचा वास आला. आत्ता अडगळीत आहे, पण अंगावर धूळ नाही आणि जाळी अजून कोमट आहे. आणि चारला पाच कमी असताना आलेख टुणकन दचकतो आणि परत थरथरायला लागतो. आया यायच्या आधी मशीन पुन्हा सुरू. एकशे तीस मिनिटं. मशीनच्या खिडकीतली तूट तेवढीच."

"पण हीटर नेला कुठे?" हवालदाराने विचारलं.

"सूनबाईंच्या बाटलीतलं खोबरेल दगड झालंय. न्हाणीघरातलंही. सगळ्या घरात एकाच बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ आहे." बाई वळल्या. "तुमच्या, आत्या."

भिंतीवरचा आकडा १५१ झाला.

आत्या हसल्या. बाळाला हसतात तशा. "अगं पोरी, मी काय त्याचा गळा दाबला? एक बटण खाली, एक बटण वर. ह्या घरात रोज तेच करतात सगळे. एक लावायचं तर एक बंद करायचं. मी नियम पाळला."

"तासभराचं ठरवलं होतं का?"

"हो ना. तासभरच. ऊब लागली आणि डोळा लागला गं. माझी हाडं बघ. तीन महिने झोप नाही. ह्या पोराने हीटर काढून घेतला, का, तर थोरल्याचं मशीन आणि माझा हीटर दोन्ही बसत नाहीत पाचशेत. एक कोणीतरी गार पडायचं. रोज मीच का?"

आयाने तोंडाला पदर लावला. दारातल्या एक-दोघींनी तर चुकचुक केली. बिचारी म्हातारी, डोळा लागला, व्हायचं ते झालं. आत्यांनी ती चुकचुक बरोबर टिपली आणि घोंगडीचं टोक डोळ्याला लावलं.

"डोळा लागला," बाई म्हणाल्या. "मग घंटा खिडकीत कोणी ठेवली?"

घोंगडी डोळ्यापाशीच थांबली.

"दोनदा वाजली. दोन्ही वेळा तुम्ही उठलात. पहिल्यांदा बघून आलात. दुसऱ्यांदा हातातून काढून घेतलीत, आणि चार पावलं चालून कट्ट्यावर ठेवलीत. तुमच्या गुडघ्यांनी चार पावलं म्हणजे यात्रा. मशीनचं बटण त्याहून जवळ होतं, आत्या. पलंगाला टेकून. बटण ओलांडून गेलात तुम्ही."

आत्यांनी घोंगडी खाली घेतली. डोळे कोरडे होते. सायीखाली काय असतं ते तेव्हा दिसलं.

"सारखी वाजवत होता," त्या म्हणाल्या. "झोप लागेना."

"त्यांनी काही सांगितलं?"

"बोलता कुठे येत होतं? बघत होता नुसता. लहानपणी माझं पांघरूण ओढायचा ना रात्रभर, तेव्हाही असाच बघायचा. मी म्हटलं, आता गप पड. आज माझी पाळी."

हवालदार मघापासून बेडी खुळखुळवत होता. आता त्याला ती त्या आखडलेल्या मनगटांत घालवेना. आत्यांनीच हात पुढे केले.

"काय रे, तुमच्या कोठडीत ऊन येतं का?"

"उत्तरेची आहे," बाई म्हणाल्या.

आत्यांना खाली नेलं. शेजार बाजूला सरला, जिन्याला टेकून उभा राहिला. कोणी चुकचुकलं नाही.

मीटरराव खुर्चीत बसला, कानटोपी काढली, घाम पुसला. त्या गारठ्यात घाम! "म्हणजे... मी सुटलो ना?"

"सुटलात की. तुमच्यावर कलम नाही."

"देवच पावला."

"फक्त एक काम आहे. आत्या उद्या कोर्टात म्हणतील, मी बटण दाबलंच नाही. म्हातारीचा चेहरा बघून जजसाहेब विरघळतील. पुरावा आहे तो एवढाच, ही रेघ. आणि ती वाचता येणारा माणूस गावात एकच." बाईंनी फोन त्याच्या हातात दिला. "उभं राहून वाचून दाखवायची. मिनिटामिनिटाने. कुठल्या मिनिटाला बाप बंद झाला, तुम्ही तेव्हा काय बघत होतात, कुणाला फोन केलात, कशासाठी केलात. एकशे तीस मिनिटं. एकही गाळायचं नाही."

"सगळं? लोकांसमोर?"

"शपथेवर."

तो फोनकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून बायकोला शोधलं, दुसरं कोणी उरलं नव्हतं. "ऐकलंस का? अगं, काहीतरी सांग ना यांना. मला नाही जमायचं ते."

सूनबाई अडगळीतून आपली शिवणमशीनची मोटर घेऊन येत होत्या, दोन्ही हातांनी, धुळीसकट.

"जमेल की," त्या म्हणाल्या. "मी येणार आहे ऐकायला. पुढच्या बाकावर बसेन."